गाडीतल्या सामानाचा विमा : काच फुटल्यावर काय मिळालं आन काय नाही

फेब्रुवारीत पुतणीच्या लग्नाला परभणीहून लातूरला निघालो होतो, वाटेत अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन घेऊ म्हणलं. गाडी रोडच्या कडेला लावली, लॉक केली, तास सव्वा तासानी येऊन बघतो तर मागच्या दाराची काच फुटलेली. सीटवर सगळीकडं खडीसाखरेसारखे काचेचे तुकडे, आन मधे जिथं बॅगा होत्या तेवढीच जागा मोकळी. पोरीचा कॉलेजचा लॅपटॉप, लग्नाचे कपडे, आहेराचं चांदीचं ताम्हण, पाकिटात 11,000 रोख आन आईची तिच्या स्वतःच्या लग्नातली पैठणी, सगळं गेलं. आई काहीच बोलली नाही, नुसती सीटवरचे तुकडे वेचायला लागली, तिला थांबवलं कारण फोटो काढायचे होते.

हे लिहायलोय ते पॉलिसीबद्दल, कारण आपल्याकडं नव्वद टक्के लोकं फुल इन्शुरन्स आहे म्हणजे सगळं आलं असं धरून चालतात, मी पण त्यातलाच. साध्या फुल इन्शुरन्समधे गाडी येते, गाडीला लागलेले पार्ट येतात, गाडीत ठेवलेलं तुमचं सामान येत नाही. त्याला वेगळं ॲड-ऑन, म्हणजे वरचे पैसे भरून मिळणारं जास्तीचं कव्हर घ्यावं लागतं, पर्सनल बिलॉन्गिंग्ज नावाचं. माझ्या पॉलिसीत ते होतं ही देवीची कृपा, रिन्यूअलच्या वेळी एजंटनी साडेतीनशे रुपयात टाकून दिलं होतं, लिमिट 20,000. पण त्यात काय येत नाही हे त्यानी एका शब्दानी सांगितलं नव्हतं आन याचा मला आजही राग आहे. रोख नाही, दागिने आन चांदी नाही, धंद्याचं सामान नाही. म्हणजे ताम्हण आन पाकीट पहिल्याच फोनमधे कटाप. हे आधी माहीत असतं तर या दोन वस्तू आईच्या पर्समधे, अंगाजवळ ठेवल्या असत्या.

पोलीस ठाण्यातल्या हवालदार साहेबांचे मात्र खरंच उपकार आहेत. मी गडबडीत सामान गेलं असा साधा अर्ज लिहायलो होतो, तेच म्हणले, "दादा, विमा आहे का? मग एफआयआरच करा, गहाळ लिहिलं तर कंपनी पैसे देत नसती." एकेक वस्तू, कधी घेतली, केवढ्याला घेतली असं बसून लिहून घेतलं, काच फोडून चोरी असं स्पष्ट टाकलं. भारतीय न्याय संहितेचं चोरीचं कलम 303(2) लागलं, पूर्वीचं 379 म्हणायचे ते. एफआयआरची कॉपी तक्रारदाराला फुकट मिळते, ती तिथंच घेतली, आन ठाण्याच्या बाहेर उभं राहूनच कंपनीला फोन करून क्लेम नंबर घेतला.

आता कंपनी. फोन लगेच उचलला, नुकसान तपासणारा सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी लातूरला लग्नघरी येऊन काच बघून गेला, बोलायला पण चांगला माणूस, इथपर्यंत तक्रार नाही. मग पंधरा दिवसांनी मेल आला की लॅपटॉप व्यावसायिक वापराचा आहे म्हणून देता येत नाही. अहो, सेकंड इयरच्या पोरीचा कसला व्यवसाय! फोनवर जो तो वेगळंच सांगायला, म्हणून फोन बंद केले आन कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल टाकला, सोबत पोरीचं आयकार्ड, फीची पावती आन तिच्या नावचं लॅपटॉपचं बिल. खाली लिहिलं की निकाल नाही लागला तर बिमा भरोसा या सरकारी तक्रार पोर्टलवर टाकतो आन तिथून पुढं पुण्याच्या विमा लोकपालाकडं जातो. लोकपालाकडं फी लागत नाही, वकील लागत नाही, फक्त आधी कंपनीकडं लेखी तक्रार केलेली पाहिजे, आन कंपनीनी ती फेटाळलेली नाहीतर 30 दिवस उत्तर न दिलेलं पाहिजे. तिथवर जायची वेळच आली नाही, बाराव्या दिवशी मंजूर झालं.

हिशोब असा. लॅपटॉप 42,000 चा, तीन वर्षं जुना म्हणून घसारा कापून 16,800 धरले. पोरीच्या घागऱ्याचं ऑनलाइन बिल सापडलं त्याचे 2,500. बाकी कपड्यांची बिलं नाहीत म्हणून शून्य, पैठणीचे पण शून्य. 19,300 मधून 500 कापून 18,800 खात्यात आले.

एक गोष्ट क्लेम टाकायच्या आधी विचारून घ्या, नो क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममधे मिळणाऱ्या सुटीचं काय. मी मेलवर विचारलं, त्यांनी लिहून दिलं की सामानाचा क्लेम घेतला तरी बोनस जाणार. माझा 35 टक्के चालू होता, पुढच्या वर्षी 45 झाला असता. पण हा बोनस फक्त गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर असतो, थर्ड पार्टीवर नाही, माझा तो प्रीमियम 5,000 च्या आसपास, म्हणजे रिन्यूअलला 2,250 चा फटका आन पुढं परत 20 पासून सुरुवात. तरी 18,800 समोर परवडलं. आन बोनस जाणारच आहे म्हणल्यावर काचेचा पण क्लेम टाकला, काचेवर घसारा लागत नाही, 2,800 च्या बिलातले गाडीच्या क्लेममधे आपणच भरायचे सक्तीचे 1,000 माझे, बाकी त्यांनी दिले. नुसती काच फुटली असती तर गपचूप खिशातून भरली असती.

तर माझ्याकडून ॲड-ऑनला पाचपैकी चार, कंपनीला तीन, एजंटला एक. ॲड-ऑन परत घेतलंय, लिमिट 50,000 करून, आन यावेळी काय येत नाही ते पान एजंटकडून समोर बसवून वाचून घेतलं. पैठणीचा अजून पत्ता नाही. हवालदार साहेबांना महिन्यातून एकदा फोन करतो, ते उचलतात, तपास चालू आहे म्हणतात, आन आई बाजूला उभी राहून ऐकत असती.