हुम्बोल्ट फेलोशिप: दोन वर्षं राहून आलेय, म्हणून सविस्तर लिहितेय

पीएचडी झाली आता बाहेर कुठे जाऊ असं ज्युनियर मुलं-मुली सारखी विचारतात, प्रत्येकाला वेगळं व्हॉट्सॲप करण्यापेक्षा एकदाच लिहिते. मी अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट फाउंडेशनची पोस्टडॉक फेलोशिप केली, जर्मनीत गॉटिंगेनला, विषय वनस्पतिशास्त्र, पूर्ण २४ महिने. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, आणि तो अर्धा का कापला तेही सांगते.

पीएचडी होऊन चार वर्षं उलटायच्या आत या पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या) गटात अर्ज करता येतो, त्यापुढच्यांसाठी बारा वर्षांपर्यंतचा वेगळा गट आहे. देशाचा कोटा नाही, विषयाचा कोटा नाही, लास्ट डेट नाही, वर्षभर कधीही अर्ज टाका, निवडीच्या बैठका वर्षातून तीनदा होतात. हे फार मोठं सुख आहे. मेरी क्युरीला (युरोपियन युनियनची अशीच पोस्टडॉक फेलोशिप) वर्षातून एकच कॉल, सप्टेंबरात बंद होतो, २०२५ ला तिथे १७,०५८ अर्ज आले होते म्हणजे विचार करा.

पण इथे होस्ट, म्हणजे जर्मनीत ज्यांच्या लॅबमध्ये काम करायचं ते संशोधक, आधी पक्का लागतो आणि खरी मेहनत तीच. मी अकरा जणांना मेल केल्या, चौघांची उत्तरं आली, त्यातल्या एकींशीच नीट जमलं. पहिल्या काही मेल मी सगळ्यांना सारख्याच पाठवलेल्या, त्यातल्या एकीचंही उत्तर नाही आलं. मग एकेकाचे पेपर वाचून, आपल्याकडे असं काय आहे जे त्यांच्या लॅबमध्ये नाही, हे पहिल्या चार ओळीत लिहायला लागले. माझ्याकडे सड्यावरची झाडं होती. आपल्या कोकणात आणि घाटमाथ्यावर जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, काही वनस्पती उन्हाळ्यात पार वाळून कोळसा होतात आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरव्या, तर हे होतं कसं हा माझा प्रश्न. माझ्या होस्टकडे यंत्रं होती, माझ्याकडे झाडं आणि पाच वर्षांच्या नोंदी. प्रपोजल पाच पानांत बसवायचं असतं, ते पाच-सहा वेळा तरी लिहिलं असेल.

आता मला सगळ्यात भावलेली गोष्ट. फेलोशिप सुरू व्हायच्या आधी दोन ते चार महिने जर्मनचा इंटेन्सिव्ह कोर्स मिळतो आणि तो नवऱ्यालाही मिळतो! नवरा पुण्यातली नोकरी सोडून माझ्यासोबत आला होता, त्याला पहिल्या दिवसापासून सकाळी जायला एक वर्ग मिळाला, चार मित्र मिळाले, बेकरीत जाऊन आपला आपण पाव आणायला लागला. बायको लॅबमध्ये आणि नवरा खोलीत एकटा, अशाने किती जोडप्यांचं परदेशात बिनसतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे या कोर्सची किंमत मला पैशात नाही सांगता येणार. वर जोडीदारासाठी आणि मुलांसाठी वेगळा भत्ता असतो. फेलोंना जर्मनीभर फिरवून आणणारी अभ्याससहल असते. बर्लिनला वार्षिक संमेलन होतं, आमच्या वेळी तिथे जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी स्वतः बेलव्यू राजवाड्यात सगळ्यांचं स्वागत केलं, घरच्यांसकट. मी आईची इरकल नेसून गेले होते, फोटो बघून आई रडली.

(ज्याच्या नावाने ही फेलोशिप आहे त्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्टला स्वतःला हिंदुस्थानात येऊन हिमालय बघायचा होता, पण ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी दिली नाही. तिकडे असताना हे मला सारखं आठवायचं.)

आता अर्धा स्टार. हा स्टायपेंड आहे, पगार नाही. टॅक्स कापला जात नाही म्हणून हातात बरे पैसे येतात, पण पेन्शनमध्ये काही जमा होत नाही, बेरोजगार भत्त्याचा हक्क तयार होत नाही आणि हेल्थ इन्शुरन्स आपला आपण शोधायचा. मेरी क्युरीत नोकरीचा करार असतो, हे सगळं त्यात येतं. मी एका एजंटचं ऐकून स्वस्तातली खासगी पॉलिसी घेतली आणि तिसऱ्या महिन्यात दाढ दुखायला लागली, तर रूट कॅनाल त्यात बसतच नव्हतं, सगळे पैसे खिशातून गेले. दात, बाळंतपण आणि आधीपासूनचे आजार या तीन गोष्टी पॉलिसीत कुठे लिहिल्यात ते बोट ठेवून विचारा, मगच सही करा. बाळाचा विचार असेल तर निघायच्या आधीच बघा, कारण बाळंतपणाला वेटिंग पिरियड असू शकतो.

घराचं पण तसंच. डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याइतकं मागू शकतात (हीटिंग वगैरे सोडून जे मूळ भाडं असतं त्याच्या तिप्पट), आणि पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, घरमालकाच्या सहीच्या कागदाशिवाय होत नाही. एका मालकाने तो कागद द्यायला चक्क नकार दिला, आम्ही तिथून महिनाभरात निघालो. सही देणार का, हे भाडं ठरवायच्या आधी विचारायचं.

परत आल्यावरही नातं संपत नाही. माजी फेलोंना पुन्हा काही महिने जाऊन काम करता येतं, इथल्या लॅबसाठी उपकरणांचं अनुदानही मागता येतं. माझा त्यासाठीचा अर्ज आता लिहून होत आलाय, पाऊस सुरू व्हायच्या आत पाठवायचाय, कारण एकदा सडे हिरवे झाले की मी महिनाभर घरी नसते.