खोल पेरणी की उथळ? गव्हाच्या वाणानुसार करावयाची निवड

गव्हाची उगवण विरळ झाली की दोष बहुधा बियाण्याच्या उगवणशक्तीला दिला जातो. परंतु उत्तम बियाणेही वाणाच्या कुवतीपेक्षा खोल पडले, तर वर येत नाही. कोंबाभोवतीचे कोलिओप्टाइल नावाचे आवरण माती भेदून पहिल्या पानाला उजेडापर्यंत नेते. ते वाटेतच वाढायचे थांबले, तर पान मातीतच उघडते, दुमडते आणि बहुतेक वेळा तेथेच संपते.

हे आवरण किती वाढेल, हे बव्हंशी जनुके ठरवतात. नोरिन 10 या जपानी गव्हातून आलेल्या बुटकेपणाच्या जनुकांमुळे हरितक्रांतीत न लोळणारे, खताला प्रतिसाद देणारे वाण मिळाले. मात्र तीच जनुके जिबरेलिन या संप्रेरकाला मिळणारा पेशींचा प्रतिसाद मंदावत असल्याने आवरणही आखूड, साधारण 6 ते 8 सेंटिमीटरच राहते. सी 306 सारख्या उंच वाणांचे आवरण अधिक लांब असते, पण भरपूर खत-पाणी दिल्यास ते लोळतात.

बागायतीत निवड सोपी आहे: बुटका वाण घ्यावा आणि वाफशावर सुमारे 5 सेंटिमीटर खोलीवर पेरावा. येथे खोल पेरणीने काहीही साधत नाही. उलट उगवण लांबते आणि फुटवे घटतात.

जिरायतीत मात्र खरी अडचण आहे. ओल खाली गेलेली असल्याने खोल पेरावेसे वाटते, आणि ऑक्टोबरअखेरची जमीन अजून उबदार असल्याने आवरण आणखी आखूड होते. म्हणजे लांब कोंबाची गरज सर्वाधिक असते तेव्हाच तो तोकडा पडतो. अशा शेतात, माझ्या मते, उत्पादनक्षमतेच्या आकड्यांपेक्षा आवरणाच्या लांबीला अधिक वजन द्यावे.

बुटके ताट आणि लांब आवरण एकत्र मिळू शकते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने बन्सी प्रकारच्या गव्हात आरएचटी 14 आणि आरएचटी 18 या जनुकांचे 6ए गुणसूत्रावरील स्थान निश्चित केले आहे; ही जनुके उंची घटवतात, पण आवरण आखूड करत नाहीत. ऑस्ट्रेलियातही आरएचटी 18 वापरून खोल पेरणीसाठी गव्हाची पैदास सुरू आहे.

हाती असलेल्या वाणाबद्दल शंका असल्यास काही दाणे ओल्या कागदात गुंडाळून दहा-बारा दिवस अंधारात ठेवावेत, आवरण मोजावे आणि पाभरीची खोली त्यापेक्षा निदान 2 सेंटिमीटर कमी ठेवावी. ही चाचणी बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्यावरच करावी, कारण ट्रायअझोल गटातील काही बुरशीनाशके आवरणाची वाढ खुंटवतात.