सिकलसेलची तपासणी: लग्नाआधी सोल्युबिलिटीवर थांबू नका

नागपुरात सिकलसेलची (लाल रक्तपेशी वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) तपासणी दोन टप्प्यांत होते. सरकारी दवाखान्यांत आधी सोल्युबिलिटी, म्हणजे हिमोग्लोबिन विरघळतं का ते पाहणारी टेस्ट, तीही मोफत. बोट टोचून घेतलेलं रक्त सोडियम डायथायोनाइटच्या द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की टेस्ट पॉझिटिव्ह. ऑक्सिजन गेलेलं एचबी-एस (सिकलसेलमधलं सदोष हिमोग्लोबिन) विरघळत नाही, म्हणून. शिबिरासाठी हे उत्तम साधन आहे.

लग्न ठरवायला मात्र ते अपुरं आहे. वाहक (एएस, एकाच पालकाकडून सिकलचं जनुक आलेला) आणि रुग्ण (एसएस, दोघांकडून आलेला) दोघांचंही द्रावण गढूळच होतं. हिमोग्लोबिन फार कमी असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर खोटं निगेटिव्ह येतं. बीटा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) वाहक तर यात सापडतच नाही. सिंधी समाजात हे वाहक जास्त आढळतात, म्हणून जरीपटक्यातल्या सिंधी कुटुंबांनी हे नक्की लक्षात घ्यावं. एका पालकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया आला, तरी बाळाला आजार होतो.

म्हणून दुसऱ्या टप्प्यातली एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) कराच. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत 2 मिली रक्त पुरतं, उपाशी राहावं लागत नाही. रक्त चढवलं असेल तर तीन महिने थांबा, नाहीतर रक्तदात्याचं हिमोग्लोबिनही त्यात मोजलं जातं. रिपोर्टची फक्त शेवटची ओळ वाचू नका. वाहकात एचबी-एस बहुधा 35 ते 40 टक्के असतं. बरंच कमी आलं तर लोहाची कमतरता किंवा सोबतचा अल्फा थॅलेसेमिया तपासावा. एस नसताना ए2 (हिमोग्लोबिनचा आणखी एक प्रकार) 3.5 टक्क्यांवर गेलं, तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शक्यता मोठी. एस असलेल्या नमुन्यात मात्र यंत्र ए2 वाढवून दाखवतं, तिथे घाई नको.

रुग्णासाठी सर्वांत मोलाचा आकडा एचबी-एफचा, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनचा. बीटा ग्लोबिनच्या जनुकातला बदल एकाच अक्षराचा, तरी दोन एसएस भावंडांचं दुखणं सारखं नसतं. जन्मानंतर एफ बनवणाऱ्या गॅमा ग्लोबिनच्या जनुकावर मिथाइल गट (जनुक बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा) बसतात, बीसीएल11ए नावाचं प्रथिन या जनुकाला दाबून धरतं आणि एफ घटत जातं. हा दाब जिथे सैल, तिथे एफ जास्त आणि पेशी कमी वाकड्या. हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या औषधानेही एफ वाढतं, म्हणून औषधाआधीचा रिपोर्ट जपून ठेवा.

खासगी लॅबची मोठी उणीव समुपदेशनाची. रिपोर्ट मोबाइलवर येतो, समजावणारं कुणी नसतं. दोघंही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून ती कमी होत नाही. मुलाचा आणि मुलीचा, दोन्ही रिपोर्ट एकत्र घेऊनच रक्तविकारतज्ज्ञाकडे जा.