क्यूईव्ही ७० नॅनोमीटर कॉलम: अल्ब्युमिन आवरतो, चरबी नाही

प्लाझ्मातून एक्झोसोमसारख्या पुटिका (पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या) वेगळ्या करायला आयझॉन कंपनीचा, कणांना आकारानुसार वेगळं करणारा हा कॉलम सोयीचा. एका वेळी ०.५ मिलि नमुना. त्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये १,५०० जी (गुरुत्वाच्या १,५०० पट बल), मग १०,००० जी, दोन्हीदा १० मिनिटं फिरवा. हे टाळलं की जाळी तुंबते आणि प्लेटलेटचे तुकडेच मोजले जातात. कॉलममधून सोडायचा बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीने गाळलेला, खोलीच्या तापमानाचा हवा. थंड असला तर बुडबुडे सुटून प्रवाह अडतो. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, बरंचसं मागे राहतं, हीच खरी कमाई. कायलोमायक्रॉन, म्हणजे जेवणानंतर रक्तात येणारे चरबीचे कण, मात्र पुटिकांबरोबरच उतरतात. म्हणून रक्त उपाशीपोटी घ्यावं, वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं ओळखायची चाचणी) सीडी९ या पुटिकांच्या खुणेसोबत अपोलिपोप्रोटीन बी ही चरबीकणांची खूण तपासावी. नुसत्या कणसंख्येवर भाळू नका! नमुना बराच पातळ होतो. तो पुन्हा दाट करायला लागणाऱ्या अल्ट्राफिल्टरचा खर्च वेगळा धरा.