डिस्चार्जनंतर ड्रेसिंग कुठे करायचं: हॉस्पिटल, घरी येणारी नर्स की जवळचं आरोग्य केंद्र?

मधुमेही माणसाच्या पायाची जखम साफ झाली की काही दिवसांत डिस्चार्ज मिळतो. जखम मात्र उघडीच असते, ती भरायला कित्येक आठवडे लागतात. एवढे दिवस ड्रेसिंग कोण करणार, हे घरी निघण्याआधीच ठरवा.

हॉस्पिटलच्या ओपीडीत जात राहिलात तर ज्यांनी जखम साफ केली त्यांचीच नजर तिच्यावर राहते. मांस काळं पडलेलं दिसलं तर तिथल्या तिथे काढता येतं. व्हॅक (जखमेतला स्राव मशीनने ओढून घेणारं बंद ड्रेसिंग) लावलं असेल, तर सुरुवातीला मी हाच पर्याय घेईन. ते साधारण ४८ ते ७२ तासांनी बदलावं लागतं आणि त्याला सरावलेला हात लागतो. पण जिना, रिक्षा आणि रांग यांत पाय टेकवावाच लागतो. तळव्यावरची जखम पायावर भार पडत राहिला तर कितीही चांगल्या ड्रेसिंगने भरत नाही.

म्हणूनच तळव्याच्या जखमेसाठी शहरात घरी येणारी नर्स मला जास्त योग्य वाटते. फक्त येणारी व्यक्ती जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आहे की एएनएम (त्याहून छोटा नर्सिंग कोर्स) आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आहे का, हे एजन्सीला स्पष्ट विचारा. केअरटेकर आंघोळ घालेल, उठवेल-बसवेल. उघड्या जखमेचं ड्रेसिंग हे त्याचं काम नाही. शिवाय दर वेळी तीच नर्स पाठवा, असा आग्रह धरा. रोज नवा माणूस आला तर जखम आटतेय की पसरतेय हे कुणालाच सांगता येत नाही. दर भेटीचे पैसे मोजावे लागतात, तेव्हा विम्यात हा खर्च बसतो का तेही आधीच पाहा.

गावात प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपकेंद्र जवळ असतं आणि खर्चही फारसा येत नाही. तिथे गॉज, सलाईन, बीटाडीन मिळेल. सिल्व्हर किंवा फोमचं ड्रेसिंग मिळेलच असं नाही. त्यामुळे केंद्रात काय मिळतं ते आधी विचारून या आणि सर्जनकडून त्याप्रमाणे लिहून घ्या, नाहीतर सामान सोबत न्या.

कुठलाही पर्याय घ्या, डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘रेग्युलर ड्रेसिंग’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. जखमेची लांबी, रुंदी, खोली, कोणतं ड्रेसिंग, किती दिवसांनी, पुढची तारीख आणि अडचण आल्यास कुणाला फोन करायचा, एवढं मागून घ्या. घरी दर आठवड्याला शेजारी मोजपट्टी ठेवून जखमेचा फोटो काढा. चार आठवड्यांत तिचा आकार निम्म्यावर आला नाही, तर नर्स कितीही चांगली असो, पुन्हा सर्जनला दाखवा. ताप, दुर्गंधी, पसरत जाणारी लाली किंवा काळं पडणारं बोट दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.