सायट्रिक ॲसिड, फेसवॉशसाठी : एक पावसाळा काढल्यानंतर

पुडीवर ‘ॲनहायड्रस’ किंवा ‘मोनोहायड्रेट’ यांतला एक शब्द छापायला विक्रेत्याला काय जड जातं, हे मला अजून कळलेलं नाही. हा अनुभव लिहायला बसले तेच या एका शब्दापायी.

घरी डेसिल ग्लुकोसाइडचा (म्हणजे फेस देणाऱ्या एका सौम्य द्रवाचा) फेसवॉश करणाऱ्यांचं सायट्रिक ॲसिडशिवाय पान हलत नाही. ग्लुकोसाइड येतं तेच साडेअकराच्या आसपासच्या पीएचचं (आंबटपणा सांगणारा अंक, जितका कमी तितकं आंबट), आणि आपली त्वचा साडेचार ते साडेपाचमधली. तो अंक खाली आणायचं काम सायट्रिक ॲसिडचं. वडीसाबणाचा पीएच नऊ-दहा असतो, त्याने आईचे गाल हिवाळ्यात ताणून सोलवटायचे, म्हणून मी या वाटेला लागले. शंभर ग्रॅमची पुडी साठ रुपयांना मिळाली. दोनशे ग्रॅमच्या बाटलीला जेमतेम ग्रॅमभर लागतं, म्हणजे बाटलीमागे साठ-सत्तर पैसे. एवढ्या स्वस्तात एवढं महत्त्वाचं काम करणारा घटक माझ्या कपाटात दुसरा नाही.

पण जुलैत अर्ध्या पुडीचे ढेकूळ झाले. आम्ही रत्नागिरीकर, दमट हवेची सवय आहे, त्यामुळे ढेकळांचं दुःख नव्हतं. प्रश्न वजनाचा होता. ॲनहायड्रस म्हणजे पाणी नसलेलं, त्याचा रेणूभार १९२; मोनोहायड्रेटमध्ये पाण्याचा एक रेणू असतो, भार २१०. म्हणजे दुसऱ्यात साडेआठ टक्क्यांहून जास्त पाणीच. मी पैसे कशाचे दिले आणि आता तोलतेय काय, हे मला कळायला नको? विक्रेत्याला विचारलं. उत्तर आलं, ‘मॅडम, १००% शुद्ध आहे.’ पुन्हा विचारलं, बॅचचं विश्लेषण-प्रमाणपत्र मागितलं. आलं ते दुसऱ्याच बॅचचं. बदलून मागितलं तर ‘पुडी उघडलेली आहे’. उघडल्याशिवाय ढेकूळ झालंय हे कळणार कसं, याला उत्तर नाही.

याच भांडणाच्या दिवसांत पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या सोडून पेनासारखा पीएच मीटर घेतला. पुडीच्या कितीतरी पट महाग, जिवावर आलं होतं. पण मीटर आल्यावर माझं मत बरंचसं बदललं. पट्टीचा पिवळा-हिरवा रंग बघून पाच आहे की सहा हे रंगीत फेसवॉशमध्ये ठरवताच येत नाही, आणि इथे एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. फेसवॉश टिकवणाऱ्या सोडियम बेंझोएटचंच बघा. ते काम करतं बेंझोइक ॲसिडच्या रूपात. पीएच ४.२ ला निम्मं त्या रूपात असतं, ५.२ ला नऊ टक्के, आणि ६.२ ला फक्त एक टक्का. म्हणजे पट्टीवर ‘साधारण ठीक’ वाटलेली बाटली प्रत्यक्षात प्रिझर्व्हेटिव्हशिवाय न्हाणीघरात उभी असू शकते. ‘अमुक थेंब टाका’ असं सांगणाऱ्या कृतींवरचा माझा विश्वास तिथेच उडाला. ग्लुकोसाइडच्या प्रत्येक कॅनचा अल्कपणा थोडा वेगळा असतो, थेंब मोजून भागत नाही.

मीटरने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि तिने मी खरंच हरखून गेले. सायट्रिक ॲसिडचं द्रावण घालत गेलं की पीएच दहावरून सातवर झर्रकन येतो. साडेसहाच्या खाली मात्र तो जड होतो, थेंबाथेंबाने सरकतो. सायट्रिक ॲसिड आपले तीन प्रोटॉन ३.१, ४.८ आणि ६.४ या पीएचच्या आसपास सोडतं, त्यामुळे तीनपासून साडेसहापर्यंत ते स्वतःच बफर, म्हणजे पीएच सहजी हलू न देणारं, बनून बसतं. त्वचेला हवा तो पट्टा नेमका याच्या मधोमध. मेमध्ये केलेली एक बाटली मागे राहिली होती, ती परवा मोजली तर पीएच होता तिथेच, दशांशात थोडा फरक. (दाट फेसवॉश थेट मोजू नका. एक भाग फेसवॉश, नऊ भाग डिस्टिल्ड पाणी, मग मोजा. आणि मीटरचं टोक डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवू नका, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा.)

आता दोष. दहा टक्क्यांचं द्रावण करून ठेवलं की काही आठवड्यांत त्यात पांढरे तंतू तरंगायला लागतात. ती बुरशीच. इतक्या आंबट पाण्यात बुरशी कशी, असं वाटेल. पण जगातलं बहुतेक सायट्रिक ॲसिड लिंबातून येतच नाही, ॲस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीला साखर खायला घालून मिळवतात. जेम्स करी यांनी १९१७ मध्ये ही रीत मांडली, आणि दोनच वर्षांत फायझरने तिच्यावर कारखाना चालवला. आंबटपणा बुरशीला मानवतो. म्हणून मी आता लागेल तेवढंच ताजं करते, उरलेलं सिंकमध्ये. साठवण्याचा सल्ला देणाऱ्यांनी निदान ही गोष्ट तरी सांगावी.

नियासिनमाइडवाल्या (बी३ जीवनसत्त्वाचं एक रूप) टोनरमध्ये हात आखडता घ्या. त्याला पाच ते सातच पीएच मानवतो. फार खाली नेलंत तर त्यातून हळूहळू निकोटिनिक ॲसिड सुटतं आणि चेहरा लाल होतो. आणि सायट्रिक ॲसिड काय नि लिंबू काय, असं म्हणून कुणी थेट लिंबू चोळू नये. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीच असतो.

मध्ये लॅक्टिक ॲसिडही वापरून पाहिलं. द्रवरूप असल्याने ढेकळांचा प्रश्न नाही, लोशनला उत्तम. पण रोजच्या फेसवॉशला ती किंमत मला परवडत नाही.

मीटर असल्यावर साडेआठ टक्क्यांनी माझ्या बाटलीत काही बिघडत नाही, हे मला मान्य आहे. तरीही कृती लिहून मैत्रिणीला द्यायची तर तो शब्द लागतोच. हल्ली मी पुडीवर कॅस नंबर (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळखक्रमांक) बघते : ७७-९२-९ म्हणजे ॲनहायड्रस, ५९४९-२९-१ म्हणजे मोनोहायड्रेट. हा नंबर छापणारा दुसरा विक्रेता सापडलाय, पंधरा रुपये जास्त घेतो. काटकसर माझ्या अंगात मुरलेली आहे, पण हे पंधरा रुपये मी आनंदाने देते. पुडी आल्या आल्या घट्ट झाकणाच्या दोन लहान बरण्यांत भरते. एक वापरातली, दुसरी दिवाळीपर्यंत उघडायची नाही.