एन१०० मिनी पीसी: उन्हाळा, पावसाळा दोन्ही काढून झाल्यावर

कंपनी कुठली हे कुणी विचारायच्या आतच सांगतो, नाव लिहिणार नाहीये, कारण त्याचा उपयोग नाही. हाच डबा, म्हणजे छोट्या खोक्यातला अख्खा कॉम्प्युटर, चार-पाच नावांनी विकायला असतो, वरचा लोगो तेवढा बदलतो, आणि सहा महिन्यांनी शोधायला गेलात तर ते नावच गायब झालेलं असतं. इंटेलचा एन१०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११ टाकून आलेला, १७ हजारांच्या आत पडला. मागच्या फेब्रुवारीत ऑनलाइन घेतला, तेव्हापासून अकोल्याला आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या टेबलावर आहे आणि रोज चालतो.

घ्यायचं कारण तेच जे बऱ्याच घरांत होतं. जुना डेस्कटॉप चौथ्या जनरेशनचा आय३, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि विंडोज ११ ला साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचाच इंटेल लागतो, वर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे. जुगाड करून टाकता येतं, पण बायको शिक्षिका आहे, शाळेची सगळी ऑनलाइन माहिती ती घरी बसून भरते, तिच्या कामाच्या मशीनवर मला जुगाड नको होता. बाकी वापर म्हणजे पोरगा नववीत, त्याचे व्हिडिओ आणि प्रोजेक्ट, आणि संध्याकाळी बाबांची कीर्तनं नाहीतर क्रिकेट, तेही टीव्हीवर.

आता मुद्द्याचं. या रेंजमध्ये लोक प्रोसेसरवरच भांडत बसतात, एन९५ की एन१०० की एन१५०. माझं म्हणणं असं की प्रोसेसर सगळ्यात शेवटी बघा, कारण तोच एक भाग आहे जो सगळ्यांकडे इंटेलचाच आहे आणि जवळपास सारखाच आहे. एन१०० आला जानेवारी २०२३ ला, ४ कोर, ४ थ्रेड, ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. एन१५० दोन वर्षांनी आला, तो ३.६ पर्यंत, घरात बसून हा फरक कुणालाही कळणार नाही. एन९५ मध्ये ग्राफिक्स थोडं कमी, २४ ऐवजी १६ युनिट, आणि कागदावर ६ ऐवजी १५ वॅट, म्हणून दोनशे-पाचशे रुपयांसाठी तो घेऊ नका एवढंच. वेग म्हणाल तर सहाव्या जनरेशनच्या आय५ डेस्कटॉपच्या आसपास. क्रोममध्ये पंधरा-वीस टॅब, एक्सेल, झूम, प्रिंटिंग, काही अडत नाही. मोठी पीडीएफ उघडताना किंवा विंडोज अपडेट मागे चालू असताना जरा दम खातो, ते सोडा. पोराचं माईनक्राफ्ट चालतं, जीटीए ५ च्या नादी लागू नका.

फरक पडतो तो बाकीच्या सामानात, आणि तिथेच कंपन्या पैसे वाचवतात.

पहिली रॅम. या प्रोसेसरला मेमरीचा एकच चॅनल आहे, त्यामुळे बहुतेक डब्यांत स्लॉटही एकच असतो, आणि काहींत तर स्लॉटच नसतो, एलपीडीडीआर५ बोर्डावर सोल्डर केलेली असते. वेगाने ती चांगली, पण ८ जीबीवाला घेतला तर जन्मभर ८ जीबी. मी स्लॉटवाला घेतला आणि १६ चाच घेतला. इंटेल कागदावर १६ जीबीच मॅक्स सांगतं, लोक ३२ ची स्टिक टाकून चालवतात, पण ती भानगड कोण करतं. उलट २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी सगळा माल उचलायला सुरुवात केली तशी रॅम इतकी महाग झाली की "आत्ता ८ घेऊ, मग वाढवू" हा हिशोबच बंद झाला.

दुसरी एसएसडी. जाहिरातीत नुसतं "एम.२ एसएसडी" लिहिलेलं असतं आणि आपण धरून चालतो की एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जातीची आहे. माझ्यात निघाली एम.२ आकाराची पण जुन्या, हळू पद्धतीची साटा एसएसडी, वर स्टिकर नाही, नाव नाही, काही नाही. साटा म्हणजे जास्तीत जास्त ५५० एमबी प्रति सेकंद, आणि खरं सांगायचं तर रोजच्या वापरात तेवढं पुरतं, रडायचं कारण नाही. त्रास वेगळाच झाला. लग्नाच्या व्हिडिओचा मोठा फोल्डर कॉपी करायला घेतला की सुरुवातीला मस्त पळायची आणि मग एकदम बसायची, पेन ड्राइव्हपेक्षा हळू. स्वस्त एसएसडीचा कॅश, म्हणजे आतली थोडीशी वेगवान जागा, भरला की असंच होतं. शिवाय बायकोचा सगळा डेटा बिननावाच्या चिपवर ठेवायला मन धजेना, म्हणून चांगल्या कंपनीची टाकली. पण टाकायच्या आधी स्लॉट बघा, काही डब्यांतला एम.२ स्लॉट फक्त साटाच ओळखतो, तिथे एनव्हीएमई लावली तर दिसतच नाही. माझ्या डब्यात दोन्ही चालतात. खाली चार स्क्रू, दहा मिनिटांचं काम.

तिसरं, विंडोज. याकडे कुणी बघत नाही. बऱ्याच डब्यांत विंडोज ११ प्रो "ऍक्टिव्हेटेड" असतं, पण लायसन्स कुठल्या तरी ऑफिसचं व्हॉल्यूमवालं असतं, जे एका माणसाला एका मशीनबरोबर विकता येत नाही आणि उद्या बंद पडू शकतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये एस-एल-एम-जी-आर, स्पेस, स्लॅश, डी-एल-आय टाईप करा, जी खिडकी उघडेल तिच्यात ओईएम (मशीनबरोबरच येणारं लायसन्स) दिसलं तर ठीक, व्हॉल्यूम दिसलं तर रिटर्नची मुदत संपायच्या आत विक्रेत्याला धरा. माझं ओईएम निघालं. तरीही मी पहिल्याच दिवशी सगळं पुसून मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून नवीन विंडोज टाकलं, कारण २०२४ च्या सुरुवातीला एका चिनी ब्रँडच्या काही मिनी पीसींत कारखान्यातूनच मालवेअर निघालं होतं आणि कंपनीने ते मान्यही केलं होतं. हे करणार असाल तर आधी वायफाय आणि लॅनचे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर काढून घ्या, नाहीतर सेटअप इंटरनेट मागत बसतं आणि इंटरनेटचा ड्रायव्हरच नसतो.

आणि आता चौथी गोष्ट, जिने मला खरा ताप दिला, ती म्हणजे अडॅप्टर. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर लाईटचा खेळ सुरू झाला, येते-जाते, येते-जाते, आणि एका संध्याकाळी डबा मेला. बटण दाबलं, काही नाही. मी आधी धसका घेतला की बोर्ड गेला. अडॅप्टर हातात घेतला तर हलका, नुसता खोका, त्यावर आपल्याकडच्या बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबरही नव्हता जो कॉम्प्युटरच्या अडॅप्टरवर लागतोच. विक्रेत्याला मेल केला, त्याचं उत्तर आलं की व्हिडिओ पाठवा, मग उत्तरच नाही. शेजारचा सीसीटीव्हीवाला म्हणाला, "दादा, बारा व्होल्टच आहे ना, माझ्याकडचा लावून बघा." लावला, चालू झाला, सगळे खूश, आणि यूट्यूब लावलं की बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. त्याचा होता १२ व्होल्ट २ अँपिअर, म्हणजे २४ वॅट, मशीनला पाहिजे १२ व्होल्ट ३ अँपिअर. शांत बसलं असताना मशीन ८-१० वॅटच खातं, पण प्रोसेसर जोर लावतो तेव्हा क्षणभर बरंच ओढतं, एसएसडी आणि यूएसबीला लावलेली हार्ड डिस्क वेगळी, तेव्हा २ अँपिअरवाला मान टाकतो.

मग पिनचं नाटक. बाहेरून दोन्ही पिना ५.५ मिलिमीटर, पण आतलं भोक राउटर-सीसीटीव्हीवाल्यात बहुतेक २.१ आणि माझ्या डब्याला २.५. २.१ वाली तर आत बसतच नाही, म्हणून बरेच दुकानदार दोन्हीला चालेल अशी २.५ वाली देतात, शेजाऱ्याची तसलीच असणार. गांधी रोडला एका दुकानात नीट कंपनीचा, आर-नंबरवाला, १२ व्होल्ट ५ अँपिअरचा मिळाला. व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपिअर जास्त असले तर बिघडत नाही, मशीन लागेल तेवढंच घेतं. तेव्हापासून एकदाही बंद पडला नाही. म्हणून माझं मत असं झालंय की या डब्यांबरोबर येणारा अडॅप्टर टिकेल असं धरूच नका, ते चारपाचशे रुपये बजेटमध्येच धरा.

लाईटवरूनच अजून एक. इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस आणि नॉर्मल असं एक बटण असतं, बऱ्याच घरांत ते नॉर्मलवरच असतं. यूपीएसवर ठेवलं की बदली लवकर होते आणि पीसी रिस्टार्ट होत नाही. आणि बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, लाईट आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते, ती बघून घ्या, आमचा आधी रात्री दोनला लाईट आली की आपोआप चालू होऊन बसायचा आणि हॉल निळा दिसायचा, आई घाबरली होती.

उन्हाळ्याचं सगळे विचारतात. मे महिन्यात आमच्याकडे ४४-४५ डिग्री असतं आणि घरात एसी नाही, कूलर. बंद पडला का, तर नाही. हा प्रोसेसर १०५ डिग्रीपर्यंत सहन करतो, दुपारी व्हिडिओ चालू असताना ८०-८५ दाखवायचा. पण पंखा जो एरवी ऐकूच येत नाही तो दुपारभर बारीक शिट्टीसारखा वाजत राहतो, चिडचिड होते. काही कंपन्या बायॉसमध्ये ६ वॅटच्या प्रोसेसरला २०-२५ वॅटपर्यंत मोकळा सोडतात, बेंचमार्कमध्ये आकडा बरा यावा म्हणून. मी ती मर्यादा १० वर आणली, वेगात कळण्यासारखा फरक पडला नाही, पंखा शांत झाला. बिनपंख्याचे डबे मिळतात, ते नाशिक-महाबळेश्वरवाल्यांनी घ्यावेत, विदर्भात नको.

आणि कूलरच्या समोर ठेवू नका! ओलसर हवा आणि बारीक धूळ दोन्ही आत ओढली जाते, दिवाळीच्या साफसफाईत उघडला तर पंख्याच्या पात्यांवर वाटलेल्या डाळीसारखा थर बसला होता. ब्रशने काढला.

बिलात किती फरक पडला? खूप नाही, उगाच खोटं कशाला बोलू. जुना डेस्कटॉप मॉनिटर सोडून ५०-६० वॅट खायचा, हा सरासरी १०-१२. दिवसाचे आठ तास धरले तर महिन्याला दहा-बारा युनिट वाचतात, आपल्याकडच्या दराने शंभर रुपयांच्या आसपास.

टीव्हीवर ४के यूट्यूब एकदम गुळगुळीत चालतं, कारण यूट्यूब वापरतं तो एव्ही१ व्हिडिओ फॉरमॅट उलगडायची सोय हार्डवेअरमध्येच आहे, जे आठव्या-नवव्या जनरेशनच्या आय५ मध्येही नाही. नेटफ्लिक्स ४के मध्ये पाहिजे तर क्रोममध्ये मिळणार नाही, एज वापरा नाहीतर त्यांचं ऍप. स्पीकर आत नसतो हे लक्षात ठेवा, टीव्ही असेल तर प्रश्न नाही, साधा मॉनिटर असेल तर वेगळे घ्यावे लागतील. जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर लागेल, दोन-तीनशेचा. टाईप-सी पोर्टवर भरवसा नको, काहींत त्यातून डिस्प्ले जातो, काहींत फक्त डेटा. कॅननचा जुना एलबीपी २९००, जो निम्म्या महाराष्ट्राच्या झेरॉक्सवाल्यांकडे आहे, तो विंडोज ११ वर नीट चालतोय, लिनक्स टाकायचा विचार असेल तर आधी त्याच्या ड्रायव्हरची चौकशी करा.

वायरलेस माऊस अडकतो अशी तक्रार खूप जणांची दिसते. माऊस खराब नसतो. निळ्या यूएसबी ३ पोर्टला हार्ड डिस्क लावली की ती २.४ गिगाहर्ट्झला गोंगाट करते, आणि माऊसचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) शेजारच्याच भोकात असतो. डबा छोटा म्हणून पोर्ट चिकटून-चिकटून. एक फुटाची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या, डोंगल लांब करा, संपलं.

परत घ्यायची वेळ आली तर? मावसभावाने अमरावतीला रिफर्बिश्ड घेतला, ऑफिसातून निघालेला लेनोवो थिंकसेंटर टायनी, आठव्या जनरेशनचा आय५-८५००टी, ६ कोर. असेच डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो आणि एचपीचे मिनी येतात. माझ्यापेक्षा स्वस्त पडला आणि एक्सेल-टॅलीला माझ्यापेक्षा सरळ वेगवान आहे, रॅमचे स्लॉट दोन, अडॅप्टर दणकट आणि कुठेही मिळणारा. पंखा जास्त वाजतो, एव्ही१ नाही, आणि त्याच्या एचडीएमआयमधून ४के फक्त ३० हर्ट्झला जातं, ६० पाहिजे तर डिस्प्लेपोर्ट. वायफाय कार्ड बऱ्याचदा काढून घेतलेलं असतं, विचारून घ्या. आणि सहाव्या-सातव्या जनरेशनचा कुणी स्वस्तात गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, परत तोच विंडोज ११ चा प्रश्न.

आमच्या सासऱ्यांना पतपेढीच्या हिशोबासाठी पाहिजे आहे, टीव्हीशी त्यांचा संबंध नाही, त्यांना मी तसलाच रिफर्बिश्ड बघतोय. दुकानदार एक वर्षाची वॉरंटी बिलावर लिहून द्यायला तयार नाहीये, तोंडी देतो म्हणतो. लिहून दिली तर घेणार, नाहीतर दुसरं दुकान.